भैरू अजून मिठाच्या कोठीत आहे

उरण,
दि. १३ जानेवारी २०२६

प्रिय निक्या,

नमस्कार-चमत्कार शाळेच्या पत्रलेखनात झाले तेवढे पुरेत. आम्ही सगळे बरे आहोत आणि तूही बरा असशील असं धरून चालते. उद्या संक्रांत. पाकिटात तिळगुळाची पुडी घातली आहे. मुंद्र्याला पोचेपर्यंत भुगा झाला तर चमच्याने खा, पण खा. आणि मग गोड बोल. गोड नाही जमलं तर निदान बोल.

पत्र कशाला, फोन का नाही, ते तुला माहीत आहे. फोनवर अल्पेशचं नाव निघालं की तुझ्या बंदरातली रेंज जाते. मेसेज टाकला की दोन निळ्या खुणा येतात आणि त्यानंतर शांतता. पत्र मधेच कापता येत नाही, म्हणून हा खटाटोप. ऑफिसात सगळे विचारताहेत, हल्ली पत्र कोण लिहितं? मी म्हटलं, ज्याचा मित्र गाढव आहे तो.

इकडची खबर अशी. मी अजून त्याच क्लिअरिंग एजंटकडे आहे, न्हावा शेव्याला, दिवसभर दुसऱ्यांच्या मालाची कागदपत्रं करते. सुजितचे आता दोन ट्रेलर झाले आणि पोटही तिसऱ्या ट्रेलरएवढं झालंय. बुधाजीकाकांचा गुडघा धरलाय, पण घरात बसतील तर ते तुझे वडील कसले. गेल्या शनिवारी तुमच्या अंगणात मटक्याभोवती जाळ करून पोपटी लावली. भांबुर्डीचा पाला मीच तोडून आणला. वालाच्या शेंगा छान शिजल्या होत्या, मटक्याच्या तळाची अंडी थोडी करपली. गोदूकाकी तुझी आईच ना, तिने तुझ्या नावाचं एक पान वाढून ठेवलं आणि मग गुपचूप सुजितला दिलं.

आपली खोली आहे अजून. सुजितच्या वडिलांच्या गॅरेजवरची. खाली आता वॉशिंगचं काम चालतं, त्यामुळे जमीन सतत ओली, पण वर सगळं तसंच. खिडकीला मारलेली निळी ताडपत्री सुद्धा. आठवतं ना? रविवारी दुपारी तीन वाजता, घामाने निथळत, आपण काळोख करून बसायचो, कारण तुझं म्हणणं की भयकथा उजेडात खेळली तर तिचा विनोद होतो. तू गोष्ट सांगायचास, आम्ही तिघं त्या गोष्टीतली माणसं व्हायचो, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवायचा. एवढ्याशा खेळासाठी आपण लग्नं चुकवली, हळदी चुकवल्या. माझ्या आईला वाटायचं आपण पत्ते खेळतो. खरं सांगितलं असतं तर तिने पत्त्यांनाच पसंती दिली असती.

तू अलिबागहून ती साहसकथा छापून आणलीस तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. बर्फातला किल्ला, लांडगे, शवपेटीत झोपणारा उमराव. पहिल्याच पानावर सुजितने हात वर केला, बर्फात चालल्यावर पाय भाजतात की गारठतात? कोणालाच माहीत नव्हतं. तू तो कागदांचा गठ्ठा बाजूला ठेवलास आणि म्हणालास, बर्फ नाही, मीठ. जिकडे बघावं तिकडे पांढरी मिठागरं, मधे काळी खाडी, खाडीत किल्ला, आणि किल्ल्यात पोर्तुगीज सरदार दोम बाल्तझार, जो तीनशे वर्षं मिठात मुरून पडलाय म्हणून कुजत नाही. मला खरंच शहारा आला होता. आपले आजे-पणजे मिठागरात पाय फाटेपर्यंत राबले, आणि तू त्याच मिठातून भूत काढलंस. सुजित म्हणाला, म्हणजे सुक्या बोंबलासारखा? पण तोही घाबरला होता. बंदरातून यंत्रांचे भोंगे वाजायचे ते आपले लांडगे.

मी देवळातली सेविका होते, जखमा बऱ्या करणारी, आणि सतत चिडलेली. सुजित तलवारवाला. आणि अल्पेशचा भैरू, कुलपं उघडणारा चोर. खरं तर अल्प्याला भूमिका करताच यायची नाही. आपण सगळे शुद्ध, जड मराठीत बोलायचो, आणि हा पडद्याआडून आलेल्या हडळीला विचारायचा, "काय गं, कवा मेलीस? घरचं कोन नाय का?" तू इतकी मेहनत घेऊन भीती उभी करायचास आणि हा एका वाक्यात तिला शेजारीण करून टाकायचा. तू रागवायचास, पण तुझे खांदे हलत असायचे. ताडपत्रीच्या काळोखातही दिसायचे.

हे सगळं आठवून मला इतकं बरं वाटतं की मी पुढचं लिहायचं टाळतेय. तुझ्या लक्षात आलंच असेल.

अल्प्याच्या दहाव्याबद्दल आपण कधीच बोललो नाही. खाडीकाठी पिंड ठेवला होता आणि कावळा तिवराच्या झाडावर बसून होता, खाली उतरेना. काका म्हणाले, बाळा, तुझी गाडी विकणार नाही. नाही उतरला. तू पुढे झालास आणि म्हणालास, आईला मी सांभाळीन. तरीही नाही. उन्हात सगळे ताटकळले होते, कोणीतरी दर्भाचा कावळा करायला घेतला होता. आणि मी, बायकांमधून, काही विचार न करता ओरडले, "अल्प्या, भैरूला बाहेर काढू आम्ही. गोष्ट पुरी करू." कावळा उतरला आणि शिवला.

बायका माझ्याकडे कशा बघत होत्या! माझी आई तर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. पण मी फक्त तुझ्याकडे बघत होते. तुझा चेहरा एकदम विझला. सख्ख्या भावाच्या शब्दाला जो आला नाही, तो खेळाच्या नावाला आला. तेव्हा मला वाटलं, तुला एवढंच लागलंय. नंतर तू फाशांचा डबा माझ्या दारात ठेवून मुंद्र्याला निघून गेलास आणि मला हळूहळू कळलं की तुला भलतंच काही लागलंय.

गेल्या भाद्रपदात, पितरांचं पान ठेवल्यावर, गोदूकाकीने मला ओट्यावर बसवलं.

"मृणाली, त्या भैरूचा पुढं काय झाला गं?"

मला आधी कळेचना. "कंचा भैरू, काकी?"

"माझ्या अल्पेशचा. तू कावल्याला सबूद दिलास ना, त्याला भायेर काढीन म्हनून. काढलास का?"

मी सांगितलं की गोष्ट निकेतच्या डोक्यात आहे आणि निकेत इथे नाही. पण त्यानंतर प्रत्येक भेटीत तेच. कावळ्याला दिलेला शब्द आपल्याकडे कोणी मोडत नाही, निक्या. काकीचं म्हणणं, पोर अडकून राहिलंय. आणि खरं सांगू? मला ती गोष्ट पुरी करायचीच नव्हती. ती संपली की अल्प्या संपला, असं माझ्या मनाने घेतलं होतं. मिठात ठेवला होता मी त्याला, दोम बाल्तझारसारखा. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, सुजितला सुद्धा नाही.

तर परवाच्या रविवारी आम्ही खेळलो. हो, तुझ्याशिवाय. गोष्ट सांगायला मी, तलवार घेऊन सुजित, आणि भैरूच्या जागी गोदूकाकी. हस, हस. मीही हसले असते. गॅरेजचा जिना चढताना ती अर्ध्यावर थांबून दम खात होती, कमरेला पदर खोचलेला, जणू मासळीबाजारात भांडायला निघालीय. अल्प्याच्या उशीवर बसली. त्याचा हिरवा फासा हातात घेतला, वजन केल्यासारखा तोलला, आणि विचारलं, "याच्या पिशवीत काय काय हाय?"

"दोरी, कंदील, आकडा," मी सांगितलं.

"जेवान?"

"न्हाय, काकी."

"पहिल्यापासून असाच. उपाशी भायेर पडतो."

मग तिने किल्ल्याच्या मालकाबद्दल विचारलं. सुजितने आपल्या परीने भीती घातली, तीनशे वर्षांचा मुडदा आहे, माणसाचं रक्त पितो, वगैरे. काकीने शांतपणे ऐकून घेतलं. "तीनशे वर्सां उपाशी," ती म्हणाली, "आनि कोनी त्याला जेवलास का म्हनून इचारला नाय?" मला दोम बाल्तझारच्या तोंडी एक शब्द सुचेना. तू असतास तर सुचला असता. मी ताडपत्रीकडे तोंड करून बसले, कारण ते वाक्य अगदी अल्प्याचं होतं, आणि इतकी वर्षं मला वाटायचं की त्याला भूमिका करता येत नाही. अरे, तो घरचंच बोलत होता.

मिठाच्या कोठीच्या दारापाशी आम्ही आलो. भैरू आत, दार बाहेरून लागलेलं. मी म्हटलं, काकी, फासा टाका, दार उघडायचा प्रयत्न करा. तिने फासा मुठीत धरून ठेवला.

"हा दरवाजा कोनी लावला?"

सुजित माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, "निकेतनं."

"मंग त्यालाच उघडू दे."

आता ते लिहिते जे तुझ्याशी कोणीच बोललेलं नाही. त्या शेवटच्या रविवारी तूच भैरूला कोंडून ते दार लावलं होतंस आणि गोष्ट तिथेच थांबवली होतीस. अल्प्या आरडाओरडा करत होता, आणि तू तुझं ते छद्मी हसू हसून म्हणालास, "पुढच्या रविवारी उशिरा आलास तर भैरू मेला." आम्ही सगळे हसलो. तोही. पुढच्या रविवारी पाऊस होता, यार्डातल्या कामावरून सुटायला त्याला वेळ झाला, त्याने गाडी दामटली, आणि वळणावर कोणाचा तरी ट्रेलर उभा होता. तू ते वाक्य दीड वर्ष उराशी घेऊन बसलायस. कावळा खेळाच्या नावाला उतरला तेव्हा तुला वाटलं, अल्प्या गावासमोर बोट दाखवतोय. आणि तुला वाटतं की हे फक्त आपल्या तिघांना ठाऊक आहे. तुझ्या आईला कळलं तर ती तुझं तोंड पाहणार नाही, म्हणून तूच तिला तोंड दाखवत नाहीस.

निक्या, तिला माहीत आहे. मी सांगितलं नाही, सुजितने नाही. तिला त्याच दिवसापासून माहीत आहे. तिथेच त्या उशीवर बसून तिने सांगितलं, आणि मी तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण मला त्यातलं काही घालवायचं नाही.

"यार्डातना फोन केलान त्यानं. म्हनला, आये, माझ्यासाठी जेवाया थांबू नको. निकेतनं माझ्या भैरूला कोंडलाय, त्याला सोडवाया चाललोय. काय हसत व्हता! दोन म्हयनं झालं, कामावरना यायचा तो नुसता करवादायचा. त्या दिवशी हसत व्हता. कामाला जाताना गेला असता तर त्याचा रडका तोंडच माझ्या ध्यानात राहिला असता. निकेतला वाटतं मी रागावलेय. त्याला सांग, माझ्या पोराचं शेवटचं हसनं त्यानंच मना दिलान. मी कशी रागवू?"

सुजित उठून खाली गेला. नळ सोडून उगाच ट्रेलर धूत बसला, सकाळीच धुतलेला.

मी तिला विचारलं, हे निकेतला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "तो ऐकाया थांबला तर ना."

म्हणून हे पत्र. आता तुला उठून जाता येणार नाही. गेलासच तर पुन्हा येऊन वाचावं लागेल. दाराच्या पलीकडे काय आहे ते मी ठरवणार नाही, मला ठरवता येणारही नाही. तू आधीच ठरवलं होतंस की तिथल्या तिथे रचणार होतास, तेही मला नको सांगूस, येऊन खेळ. तुला सुट्टी मिळेल त्या रविवारी. गोष्ट संपेल, मला ठाऊक आहे. मी रडेन आणि तू रडशील, आणि काकी आपल्या दोघांना जेवायला वाढेल. तिने मला सांगून ठेवलंय की भैरू कोठीतून बाहेर आला की आधी हातपाय धुवेल.

माझ्यापेक्षा तुझी ज्यांना जास्त गरज आहे त्यांच्या वतीने, पण माझ्या वतीनेही, खूप आठवण काढणारी,

मृणाली

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात काकी आली. म्हणाली, जागा ठेव, मलाही लिहायचंय. चौथीपर्यंतची तिची शाळा. पेन घट्ट धरून बराच वेळ बसली होती. खालचं अक्षर तिचं आहे.

निकेत,
तू ये. उशीर झाला तरी चालेल. सावकाश ये.
आई