बुचाच्या फरशीला पाणी चालत नाही

शिक्रापूर,
२८ नोव्हेंबर २००४

प्रिय जालिंदरभाऊ यांस दाजींचा रामराम.

तुम्ही, ललिताबाई आणि पोरं खुशाल असाल. रेल्वे कॉलनीत नळाला पाणी वेळेवर येतं ना? (तुमची आक्का तिथं आहे म्हणजे पाणी जास्तच लागत असेल.) भाऊबिजेला साखरबाई आली ती अजून तिकडंच आहे. भावाच्या मायेपोटी राहिली असं तुम्हाला वाटत असेल. तसंच वाटू द्यावं असा माझा विचार होता, पण मनाला पटेना, म्हणून घडलं ते कळवतो.

गेल्या साली ती शहाबादी फरशीवर घसरली आणि खुब्याचं ऑपरेशन झालं, हे तुम्ही पाहिलंच आहे. त्यानंतर वॉकर सोडायची तिची छातीच होईना. आमचा स्वराज ऑफिसं सजवणाऱ्या कंत्राटदाराकडं कामाला. त्यानं कुठल्याशा साहेबाच्या केबिनमधून उरलेल्या बुचाच्या फरश्या आणून आईच्या खोलीत बसवल्या. (बूच म्हणजे बाटलीला असतं तेच. गल्लीतला हौसराव मुद्दाम बघायला आला आणि नखानं टोकरून गेला.) पायाला मऊ, थंडीत उबदार, पडलंच तर हाड वाचण्याची आशा. पहिल्याच दिवशी साखरबाईनं अनवाणी पाय टेकला, वॉकर बाजूला सारला आणि भिंतीला हात न लावता दारापर्यंत आली.

इथवर झकास. मग स्वराजनं फरशीची निगा सांगितली आणि माझ्या अंगात मुकादम शिरला. वर पाणी ओतायचं नाही, फडकं घट्ट पिळून पुसायचं. फिनेल नको, सोडा नको. खडा-माती रोज मऊ झाडूनं काढायची, नाहीतर चरे पडतात. कॉटच्या पायांखाली जाड कापडाचे तुकडे द्यायचे. उन्हानं रंग उडतो म्हणून मी खिडकीचा पडदा ओढला तो ओढलाच. दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याचे तळपाय तपासायला लागलो. शेवटी खबरदारी म्हणून फरशीवर ताडपत्री अंथरली. (तिनं पुन्हा वॉकर धरला; ताडपत्रीवर तोही सरकतो हे माझ्या डोक्यात नंतर आलं.)

दिवाळीच्या तोंडावर मी बाजाराला गेलो होतो. सणाला घर धुवायचं नाही, हे तिला सोसेना. तिनं ताडपत्री गुंडाळली आणि खोलीभर पाणी ओतलं. येऊन बघतो तर कोपऱ्यातल्या फरश्या फुगून पापडासारख्या वर आलेल्या. मी एवढा ओरडलो की रस्त्यावरचे ट्रकवालेसुद्धा वळून बघायला लागले. ती कॉटवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "मी पडले तवा एवढं वरडला न्हाईत."

भाऊ, मी फडकं घेऊन पाणी टिपायला बसलो.

ती तुमच्याकडं गेल्यावर स्वराजनं खोली वाळू दिली, फुगलेल्या फरश्या खरवडून काढल्या, नव्या चिकटवल्या. काम करता करता म्हणाला, "आबा, चरे पडणारच. काही वर्षांनी पॉलिशचा हात मारायचा. पर आईनं चालायला नको का?" मी पडदा बाजूला सारला, ताडपत्री गोठ्यात टाकली. हल्ली त्याच खोलीत झोपतो. बुचावर पाऊल वाजत नाही. जाग आली की वाटतं, ती आत हिंडत असेल, आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. मग दिवा लावून बघतो.

ललिताबाईंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचे दाजी,
मारुतराव

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. आक्काला पाठवून द्या. मी न्यायला आलो असतो, पण तिनं सगळ्यांदेखत "न्हाई येत" म्हटलं तर परतीच्या एसटीत तोंड कुठं लपवू? तेव्हा तुम्हीच तिचं मन बघून कळवा.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात साखरबाई दारात! तुम्हीच गाडीत बसवून दिलं म्हणे. मी म्हणालो, तुला बोलवायलाच पत्र लिहिलंय. म्हणते, "मला बघितल्यावर लिवलं आसंल." म्हणून पत्र पाठवतोच आहे. मिळालं की आमच्या शेजारी बयाबाईंकडं फोन करा आणि वरचा मजकूर ती यायच्या आधीचा आहे, एवढं तिला सांगा. फोनवर तिलाच बोलवा. मी घेतला तर म्हणेल, भावाला पढवलं.