स्किमरचा फेस

३ मार्च
माशांच्या टाकीला स्किमर बसवला. खाऱ्या पाण्यातली घाण बुडबुड्यांत पकडायची आणि फेसासकट वरच्या कपात आणून टाकायची, एवढंच त्याचं काम. बायको म्हणाली, दुकानदार फुकट बसवून देत होता. म्हटलं, मला काय हात नाहीत? मासे तिचे, तिनेच इतकी वर्षं जिवापाड जपलेले. पण टेक्निकल बाजू माझी, असं ठरलंय. (मी ठरवलंय.)

४ मार्च, सकाळ
कप भरून वाहतोय. उत्तम! यंत्र कामाला वाघ दिसतंय. खाली टॉवेल टाकला.
संध्याकाळ
टॉवेल बदलला.

६ मार्च
हवेचा व्हॉल्व्ह अर्धा बंद केला. फेस वाढला. पूर्ण उघडला. आणखी वाढला. म्हणजे व्हॉल्व्हचा संबंध नाही. विज्ञान असंच पुढे सरकतं.
बायको म्हणते, दुकानदाराला विचार. अजिबात नाही.

९ मार्च
खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या. त्यांच्या छताला ओल आलीय. मी फेस कसा तयार होतो ते सविस्तर समजावलं. त्यांना विषयात गती नसावी. बायकोने माझ्या वतीने माफी मागितली. कशाबद्दल, कळलं नाही.

१० मार्च
बायकोने दुकानदाराला फोन केलाच. कप साबणाने धुता का, असं त्याने विचारलं. मी मागून ओरडून सांगितलं, साबणाला हातसुद्धा लावत नाही, भांड्यांचं लिक्विड वापरतो. बायकोने सिंकजवळची बाटली उचलून कपाटात ठेवली.
त्यानेच फेस होतो म्हणे. रोज थोडं थोडं पाणी बदला आणि वाट बघा, असा सल्ला मिळाला. वाट बघणं ही काय दुरुस्ती झाली?

१२ मार्च
सगळं पाणी एकदम बदललं. मीठ अंदाजाने. फेस बंद! बायकोला ऑफिसात फोन करून सांगितलं. तिने विचारलं, मासे कसे आहेत? म्हटलं, एकदम शांत.

१३ मार्च
जोडीतला लहान मासा गेला. मोठा कोपऱ्यात तोंड घालून बसलाय. बायकोने त्याला जाळीने काढून कुंडीत पुरलं. भांडली असती तर माझे मुद्दे तयार होते.

१४ मार्च
मेहुणा बादली घेऊन आला. त्याच्याकडेही टाकी आहे. उरलेला मासा तिकडे नेला. मी दोन-तीन सूचना केल्या. त्याने बूट घालता घालता ऐकल्या. बायकोही सोबत गेली. मोठी बॅग घेऊन.

१८ मार्च
स्किमर झकास चाललाय. जमिनीवर एक थेंब नाही. टाकीत मासा नाही म्हणा, पण तो मुद्दा वेगळा.
ही बातमी द्यायला बायकोला फोन केला. ती म्हणाली, मासा खायला लागलाय, त्याला इथे बरं वाटतंय. मी विचारलं, आणि तुला? ती म्हणाली, तो स्किमर बंद कर आता, उगाच चालू कशाला?
बंद केला.
घरात तेवढाच एक आवाज होता.