साठ फूट सहा इंचांची बाग

मी, रघुवीर वामन चौबळ, वय त्रेसष्ट, मूळ गाव जळगाव, सध्या राहणार लेस्टर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण त्याबद्दल कायदा काही विचारत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. याची इंग्रजी प्रत माझ्या सॉलिसिटर अर्चना सबनीस करतील आणि माझ्यामागे अंमलबजावणीही त्याच बघतील.

कलम १. राहते घर, मागची बाग आणि बँकेतली शिल्लक माझी एकुलती एक मुलगी ऋजुता हिला मिळावी. घर घेताना एजंट बॉयलर दाखवत होता आणि मी टेप लावून बाग मोजत होतो. स्वयंपाकघराच्या पायरीपासून सफरचंदाच्या झाडापर्यंत साठ फूट सहा इंच भरले. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा पिचर आणि समोरची होम प्लेट यांच्यात एवढेच अंतर असते. मी त्या प्लेटमागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा कॅचर. माझी बायको, कै. डॉ. प्रमोदिनी, म्हणाली, "अहो, आपण राहणार घरात की बागेत?" तरी कागदावर सही आधी तिनेच केली.

अट अशी की या बागेत कोणतेही बांधकाम करू नये. ऋजुता आणि जावई यतीन यांना किचन मागे वाढवायचे आहे. "बाबा, एक्स्टेंशन झालं ना, की आम्ही मँचेस्टर सोडून तिकडेच शिफ्ट होऊ. तुला पण कंपनी होईल," असे ती परवा फोनवर म्हणाली. विचार करतो म्हणालो. केला. अट कायम.

कलम २. माझा मिट, म्हणजे कॅचरचा जाड गोल हातमोजा, तोही ऋजुतालाच. जळगावला सॉफ्टबॉल खेळलो, मग अमेरिकेत मामाकडे गेलो आणि एका खुल्या चाचणीत निवडला गेलो. तीन हंगाम खालच्या लीगमध्ये काढले. रात्रभर बस, सकाळी गार सँडविच, दुपारी सामना. वरच्या लीगमध्ये ज्याला घ्यायचे त्याला मॅनेजर ऑफिसात बोलावत. एकदा मलाही बोलावले. मी तोंड धुऊन, केस विंचरून गेलो. त्यांनी विचारले, "त्या पोराचा खांदा तयार आहे का?" तो पोरगा म्हणजे आमचा पिचर, दोन वर्षे माझ्याच हातात चेंडू टाकून तयार झालेला. मी म्हणालो, तयार आहे. तो गेला. खोटे बोललो नाही याचे समाधान आहे, पण त्या ऑफिसचे दार अजून स्वप्नात येते आणि दर वेळी मी केस विंचरूनच आत जातो.

पुढे लग्न झाले आणि प्रमोदिनीच्या हॉस्पिटलपायी इकडे आलो. मी शाळेत खेळ शिकवले. ऋजुता चौदा वर्षांची होईपर्यंत झाडापाशी उभी राहून मला चेंडू फेकायची, मग तिला मैत्रिणी जास्त आवडू लागल्या. तेव्हापासून प्रमोदिनी फेकू लागली. ड्यूटीवरून आली की गळ्यातले ओळखपत्रही न काढता थेट बागेत. "अहो, आज पाचच मिनिटं हं, हात भरून आलाय," म्हणायची आणि अंधार पडेपर्यंत फेकायची. निम्मे चेंडू शेजारच्या टोमॅटोंत. मला ती हवी आहे. मृत्युपत्रात असे लिहायची पद्धत नाही, पण मला ती अजून हवी आहे.

कलम ३. मेहुणे शशिधर यांनी तीस वर्षे दर दिवाळीला विचारले, "रघुवीर, बेसबॉल म्हणजे आपल्या मुली शाळेत खेळतात ते राउंडर्सच ना?" त्यांना राउंडर्सची एक स्वस्त बॅट विकत घेऊन द्यावी. पावतीसकट.

कलम ४. मागचे शेजारी केनेथ ब्रॅडली यांना काहीही देऊ नये. त्यांनी झाडामागचे कुंपण फूटभर आमच्या बागेत सरकवले, तेव्हापासून प्रमोदिनीचा कोट दर चेंडूला फळ्यांवर घासायचा. जागा परत मिळावी. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे इथला कायदा सांगतो. त्या दृष्टीने केनेथ अगदी योग्य माणूस आहे.

कलम ५. वरचे सगळे पुन्हा वाचले. अंतर राखून मी काय राखतो आहे? पायरीपाशी बसले की समोर झाड दिसते, माणूस दिसत नाही. सबब कलम १ मधील अट रद्द. ऋजुता, खुशाल बांधा, आणि माझ्या हयातीत बांधलेत तर मिट आधीच घे. बिल्डर येण्यापूर्वी एकदा मिट घालून पायरीपाशी बस आणि यतीनला झाडापासून फेकायला सांग. तू नेहमी फेकलेस, झेलले कधी नाहीस. आपल्याकडे बघत हात वर करणारे आपले माणूस तिथून कसे दिसते, ते बघ.

ठिकाण: लेस्टर
दिनांक: १२ सप्टेंबर २०२५
सही: रघुवीर वामन चौबळ

आम्हा दोघांच्या समक्ष सही झाली:
१. केनेथ ब्रॅडली
२. अर्चना सबनीस

सहीच्या खाली लिहिलेले कायदा धरत नाही असे अर्चनाबाई म्हणतात, म्हणून इथे लिहितो. सही करून केनेथने विचारले, यात मला काय? काही नाही, मी म्हणालो. "ठीक," तो म्हणाला. मग पेन परत देताना म्हणाला, "तुमच्या बागेतला तो धप्प धप्प आवाज. प्रमोदिनी गेल्यापासून बंदच झाला. मी चहा घेऊन त्याची वाट बघायचो." साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून ती फूटभर जागा त्याला आत्ताच, तोंडी, सोडून दिली. तो म्हणतो, खांदा दुखतो, पण एखादा फेकून बघतो. खुशाल बांधा म्हणून ऋजुताला फोन केला आहे. आता आम्ही बागेत निघालो. मिट घालून खाली बसलो की मला एकट्याला उठता येत नाही, तेवढ्यासाठी अर्चनाबाई थांबल्या आहेत.