तेवीस नंबरच्या पट्ट्या

प्रिय धाकटे,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न उघडताच बाजूला टाकशील, असं आमचे हे म्हणाले. टाकलंस तर टाक, पण टाकायच्या आधी एकदा वाच. दादाच्या घरी जेवताना मी सगळ्यांसमोर तुझ्या कामाला ‘रंगीत पट्ट्या सरकवायचे उद्योग’ म्हटलं, तू ताटावरून उठलीस, आणि त्याला आता आठ महिने झाले. वहिनी अजून मला त्यावरून टोमणे मारते. फोन तू उचलणार नाहीस हे मला माहीत आहे, आणि मेसेजमध्ये मावेल एवढं हे थोडकं नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. सुरुवातीलाच सांगून ठेवते, तुमच्या त्या ऑनलाइन गणिताबद्दल माझं मत फारसं बदललेलं नाही. त्यातला ‘फारसं’ हा शब्द मात्र नीट वाच.

आमच्या शाळेचं तुला कानावर आलं असेलच. वर्ष सुरू होऊन आठवडा झाला नाही, तोच वरच्या मजल्याच्या छताला तडे गेले. एक इंजिनिअर आला, त्याने भिंतीवर टकटक केलं, मान हलवली आणि इमारतीला कुलूप लागलं. मोठ्या बाईंनी सगळ्यांना घरून शिकवायचं फर्मान काढलं आणि त्यासोबत एक यादी पाठवली, ‘गणितासाठी उपयुक्त ऑनलाइन साधने व उपक्रम’. सत्तेचाळीस साधनं! ज्या माणसाने ही यादी केली त्याने त्यातली चार जरी उघडून पाहिली असतील, तर मी माझं नाव बदलेन. अकरा उघडतच नव्हती. एक उघडलं तर पडद्यांच्या कापडाचं दुकान निघालं. एकात संख्यारेषेवर बेडूक उड्या मारतो. उत्तर चुकलं की तो पाण्यात पडतो आणि मुलांना ते इतकं आवडतं, की सगळा वर्ग मुद्दाम चुकीची उत्तरं देत बसला. एका ठिकाणी फासे टाकायला बटण होतं. फासे टाकायला, धाकटे! हाताने टाकता येणारी वस्तू टाकायला इंटरनेट लागायला लागलं. आणि तो पिवळ्या शर्टातला माणूस, जो प्रत्येक व्हिडिओत ‘चला, आज आपण मज्जा करू या’ म्हणतो आणि मग भागाकार चुकवतो! खरंच चुकवतो, सोळाव्या मिनिटाला. त्याला बघणारे लाखभर लोक आहेत आणि एकालाही ते कळलेलं नाही.

‘घरच्या घरी गणित’ नावाचे उपक्रम तर विचारूच नकोस. घरातले कोन शोधा, म्हटलं. एका वडिलांनी एकोणीस फोटो पाठवले, त्यातले सात त्यांच्या स्वतःच्या कोपराचे. घरातल्या वस्तूंची लांबी मोजा, म्हटलं, तर एकीने मांजर मोजलं आणि शेपटी धरायची की नाही ते विचारायला वर्गात हात वर केला. चाचणी घेतली की प्रत्येक चौकोनामागे एक आई उभी. पोरगं गप्प आणि मागून कुजबुज, ‘सात म्हण, सात.’ मी दोनदा सांगितलं, की आईंनी आपला हजेरी क्रमांक कळवावा म्हणजे गुण त्यांच्या नावावर लावता येतील. त्यावर मोठ्या बाईंकडे माझी तक्रार गेली. बाकीच्या शिक्षकांचं काय सांगू? भूगोलाच्या बाई कॅमेऱ्यासमोर लिपस्टिक लावून बसायच्या आणि पुस्तक वाचून दाखवायच्या. सत्राअखेरीस किती साधनं वापरली याचा फॉर्म भरायचा होता, त्यात पीटीच्या सरांनी सत्तेचाळीसपैकी सत्तेचाळीस लिहिलं. पीटीच्या सरांनी! त्यांना शाबासकीही मिळाली.

मी मात्र माझ्या पद्धतीने शिकवलं. कपड्यांच्या कपाटाच्या दाराला यांच्याकडून काळा रंग लावून घेतला, मोबाइल इस्त्रीच्या टेबलावर पुस्तकांना टेकवला आणि खडूने लिहिलं. दुपारी उजेड कमी पडला की हे टेबललँप हातात धरून उभे राहायचे आणि अधूनमधून डुलकी काढायचे. यादी मी वर्गाच्या ग्रुपवर जशीच्या तशी ढकलून दिली, कारण ढकलण्याचा हुकूम होता. तिच्यात एकतिसाव्या नंबरावर तुझं पान होतं. अपूर्णांकांच्या पट्ट्या. खाली तुझं नाव बघितलं आणि पुढे गेले, उघडलं नाही. मुलांना मी एवढंच सांगितलं, की गणित वहीत करायचं, पायऱ्या लिहायच्या आणि फोटो पाठवायचा. पायऱ्या नाहीत तर गुण नाहीत. एकतीस वर्षं माझा हा नियम आहे आणि त्यातून मी आधीच्या हेडमास्तरांच्या सख्ख्या मुलीलाही सोडलेलं नाही.

आता तेवीस नंबरबद्दल सांगते. तेवीस नंबर ही एक मुलगी आहे. कॅमेरा कधी सुरू केला नाही, आवाज काढला तर इतका बारीक की मला कपाटापासून मोबाइलपर्यंत यावं लागायचं. तिच्या वहीचा फोटो यायचा तो नुसता उत्तरांचा. एकाखाली एक, दहा गणितांची दहा उत्तरं, सगळी बरोबर, पायरी एकही नाही. मी शून्य दिलं. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच, पुन्हा शून्य. बरोबर उत्तरं आणि पायऱ्या नाहीत म्हणजे काय ते एकतीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको. मी घरी फोन लावला. तिची आत्या बोलली. म्हणाली, ‘बाई, ती तुम्हीच पाठवलेल्या त्या पट्ट्यांवर करते. तासन् तास बसलेली असते.’ मी म्हटलं, पट्ट्या म्हणजे गणित नव्हे, खेळणं बंद करा आणि वहीत करायला सांगा. पुढच्या वेळी वहीत पट्ट्यांची चित्रं आली. फूटपट्टीने आखलेली, रंगवलेली, एकाखाली एक. मी लाल शाईने लिहिलं, ‘चित्रकलेचा तास वेगळा असतो.’ ते लिहिताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं आणि मी ते यांना वाचूनही दाखवलं. त्यानंतर तेवीस नंबरकडून काहीच आलं नाही. वर्षाअखेर पुढच्या इयत्तेसाठी गट पाडायचे होते, पूर्ण गणिताचा आणि सोप्या गणिताचा. सोप्या गणितात गेलेल्या मुलाला पुढे विज्ञानाकडे वळता येत नाही. मी तिचं नाव सोप्यात घातलं आणि सही केली. सही करायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

तुझं पान मी उघडलं ते गेल्या मंगळवारी, आणि कशासाठी ते लपवत नाही. साधनांवर मोठी बैठक ठरली आहे, संस्थेची माणसं येणार आहेत. त्यांच्यासमोर एकेका साधनाचे वाभाडे काढायचे असं मी ठरवलं होतं आणि सगळ्यात आधी तुझ्या पानाचे. चुका टिपायला वहीसुद्धा घेतली होती. आधी वाजल्या त्या टाळ्या. उत्तर बरोबर आलं की कुणीतरी टाळ्या वाजवतं, त्या टाळ्या काढून टाक बाई, सर्कशीत बसल्यासारखं होतं. मग शिक्षकांसाठीचा भाग उघडला आणि आमचा वर्ग निवडला. मुलं हजेरी क्रमांक टाकूनच आत जातात. प्रत्येक मुलाच्या क्रमांकापुढे त्याने किती वेळा काम केलं तो आकडा होता. कुणापुढे एक, कुणापुढे दोन, बऱ्याच जणांपुढे शून्य. तेवीस नंबरपुढे दोनशे बारा होते. बाजूला एक छोटा बाण होता, तो दाबला, तर पट्ट्या आपोआप हलायला लागल्या. त्या मुलीने जशा हलवल्या होत्या तशा, तेवढ्याच वेळात, थांबली तिथे थांबून.

मी एक गणित तुला सांगतेच, कारण तुझ्याशिवाय ते कुणाला सांगण्यात अर्थ नाही. तीन चतुर्थांश भागिले दोन पंचमांश. मी मुलांना शिकवलं, दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. पोरीने तसं काही केलं नव्हतं. तिने तीन चतुर्थांशाची पट्टी ठेवली, तिच्याखाली दोन पंचमांशाची ठेवली. ती एकदा मावली आणि थोडं उरलं. उरलेल्याला काय म्हणायचं, हे तिला कळेना. ती तिथे अकरा मिनिटं थांबली होती. मी अकरा मिनिटं तशीच बघत बसले, हे चहा ठेवून गेले तो निवला. मग तिने दोन्ही पट्ट्या विसाव्या भागांत तोडल्या. एकीचे पंधरा तुकडे झाले, दुसरीचे आठ. पंधरातून आठ गेले, सात राहिले. ते सात उचलून तिने त्या आठाच्या पट्टीवर नेऊन ठेवले. म्हणजे त्या पट्टीचे आठापैकी सात भाग. उत्तर, एक पूर्णांक सात अष्टमांश. वहीत तिने एवढंच उत्तर लिहिलं होतं आणि त्याला मी शून्य दिलं होतं. धाकटे, उलटा करा आणि गुणा हे मी हजारो मुलांकडून घोकून घेतलं आहे. ते का करायचं, हे मला त्या दिवशी कळलं. मला नुसता नियम येत होता. बेडकाला आणि पिवळ्या शर्टाला मी नावं ठेवली, पण वर्षभर त्या वर्गात सगळ्यात कमी गणित कुणी केलं असेल तर ते मी.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, माझी चूक झाली आहे, नाव बदलायचं आहे. त्या दचकल्या. आजूबाजूला बघून म्हणाल्या, ‘चूक वगैरे शब्द वापरू नका हो, यादी वर गेली आहे. पालकांनी अर्ज केला तर बघू.’ म्हणून मी आत्याला फोन केला, माफी मागितली, अर्ज करा म्हणाले. आत्या म्हणाली, ‘बाई, ती आता नको म्हणते. म्हणते, मला गणित येत नाही.’ दोनशे बारा वेळा बसलेली मुलगी असं म्हणते, आणि ते तिला माझ्या लाल शाईने शिकवलं.

तुझ्या पानावर लिहिलं आहे, की सत्र संपल्यावर तीस दिवसांनी मुलांचं काम पुसलं जाईल. त्यातले सहा उरले आहेत. तेवीस नंबरचं काम पुसू देऊ नकोस, एवढं लगेच कर, मग माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. बैठक गुरुवारी अकराला आहे. तू येऊन ते अकरा मिनिटांचं गणित सगळ्यांसमोर लाव, मी उभी राहून शून्य कुणी दिलं ते सांगेन. तिथून त्या मुलीच्या घरी जायचं आहे आणि मला एकटीला जायचं धैर्य नाही. तिच्यापुढे काय बोलायचं ते तुला माहीत असेल, कारण तूही अशीच आपल्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ‘मला गणित येत नाही’ म्हणाली होतीस. तेव्हा मी शिक्षणशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होते आणि तुला शिकवायला बसायचे. तू कागदाचे तुकडे करून अपूर्णांक जुळवायचीस आणि मी ते तुकडे केरात टाकायचे. तुला सोपं गणित दिलं म्हणून तू बाबांशी वर्षभर धड बोलली नाहीस, ते गेल्यावरही एकदा तसं बोलून दाखवलंस, आणि मी शेजारी बसून ऐकलं. बाबा तर तुला पूर्ण गणितच द्यायला निघाले होते. त्यांनी फॉर्म भरताना मला विचारलं आणि मी सांगितलं, ‘हिच्याने होणार नाही.’

तुझीच,
ताई