"स्वखुशीने" हा शब्द वगळून

मी, हणमंतराव वेंकोजीराव बोंगाळे, वय ७१, मूळ धंदा शिवणकाम, सध्या विधानसभा सदस्य, राहणार विजयनगर, मैसूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे. डॉक्टरांनी यकृताबद्दल सांगितले ते मला नीट समजले आहे. अशा कागदात "स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय" असे लिहायची रीत आहे. ते मी लिहिणार नाही.

१. कागद मराठीत आहे, कारण खालच्या मजल्यावर राहणारे माझे सचिव प्राणेश अक्षरे लावतील, पण अर्थ त्यांना लागणार नाही. पक्षाने त्यांना माझ्या मदतीला दिले. अकरा वर्षे माझा फोन तेच उचलतात. औषधे, गाडी, फाटकाची किल्ली त्यांच्याकडेच असते. मला दारात उभे राहायचे तरी विचारावे लागते.

२. त्यांनी कन्नडमध्ये टाइप केलेले दुसरे मृत्युपत्र तयार ठेवले आहे. त्यात घर व दुकान पक्षाच्या ट्रस्टला, आणि माझ्यामागे पोटनिवडणुकीला माझी मुलगी सुप्रीता उभी राहील, असे आहे. संध्याकाळी सही घेतील आणि मी ती करीन, एवढा मी स्वतःला ओळखतो. नंतरचा कागद आधीच्याला खातो, हेही मला माहीत आहे. म्हणून आधीच सांगतो: त्या कागदात कन्नडमध्ये "स्वखुशीने" हा शब्द आहे. आम्हा आमदारांना एकदा नऊ दिवस कोडगूच्या रिसॉर्टमध्ये कोंडले होते. तिथे राजीनाम्यावर मी हाच शब्द लिहिला, दाराबाहेर दोन माणसे उभी असताना. हा शब्द जिथे दिसेल तिथे माझी खुशी नव्हती असे समजावे.

३. हे सुरू कसे झाले तेही नोंदवतो. आमच्या घरच्या मराठीत दर दोन वाक्यांनी "आयतु" येतो. कन्नडमध्ये त्याचा अर्थ "बरं, मान्य". आमच्यात तो नुसता हुंकार, ऐकलं एवढाच. आमचे नेते सफारीचे माप द्यायला दुकानात आले होते. म्हणाले, "हणमंतराव, ई सल निम्मन्ने निल्लिस्तीवि." या खेपेला तुम्हालाच उभं करतो. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मी म्हणालो, "आयतु." तिसऱ्या दिवशी भिंतींवर माझा फोटो. तीन वेळा निवडून आलो. सभागृहात दोनदा बोललो, दोन्ही वेळा गटारावर. बाकी सांगतील तेव्हा हात वर केला. आयतु म्हणत गेलो आणि शिंपी असून पक्षाने धाडलेले आयते शर्ट घालत राहिलो.

४. पोटनिवडणुकीचे मीच सुप्रीताच्या कानावर घातले. शर्टाला काज करता करता ती म्हणाली, "आयतु अप्पा." मी तिची सुई थांबवली आणि विचारले, "मान्य म्हणून, की ऐकलं म्हणून?"

"तुमालाच नाई म्हनता आलं नाई, मी कसं म्हनू? मला आपलं दुकान साकु." साकु म्हणजे पुरे. माझ्या पोरीला एवढेच हवे आहे, आणि तेवढेही मी तिला सुखाने देऊ शकत नाही, याची मला लाज वाटते.

५. घर व दुकान सुप्रीताला. घर तिने विकावे, त्यात राहू नये. दुकानातले मशीन आणि माझ्या वडिलांची कातरही तिलाच. कातरीने कागद कापू नये.

६. प्राणेशना माझे चौदा पांढरे शर्ट. सगळे गळ्याला घट्ट आहेत.

७. माझ्या अंगावर झेंडा घालू नये. स्मशानात सुप्रीताच्या हाती माइक देऊ नये. नेते दारात येऊन विचारतील, तेव्हा तिने एकच शब्द सांगावा: "आगल्ल." जमणार नाही. हा शब्द मी उभ्या जन्मात वापरला नाही. कोरा करकरीत आहे, तो तिला देतो.

मैसूर, ९ फेब्रुवारी २०२५
(सही) ह. वें. बोंगाळे

साक्षीदार:
१. मानाजीराव, दुकानातले कटिंग मास्टर. शर्टाचे माप घ्यायचे म्हणून आत सोडले.
२. कांचन विश्राम दामले, शेजारी, मूळ सांगलीच्या. मूळ कागद यांच्याकडे राहील.

कांचन दामले यांची नोंद: वरील सही आम्हा दोघांसमोर झाली. सही चालू असताना प्राणेश यांनी खालून हाक मारली, "सर, बन्नि, सही माडि." या, सही करा. हणमंतराव सवयीने "आयतु" म्हणाले. मग माझा हात धरून त्यांनी सांगितले, "लिहा तुम्ही, आत्ताचं ते फक्त ऐकलं म्हणून होतं." आणि ते जिना उतरून खाली गेले.