जळाल्यावर उरलेली शेपटं

८ जानेवारी
आज परत जिजीच्या स्टुडिओत फोटो काढून आली. पासपोर्टचा. खरं तर जिजीला विचारायला गेली होती, आईच्या कॅसेटचं. जिभेवर आलं होतं. जिजीने चष्म्यावरून बघितलं. "काय गं, परत फोटो? कोणत्या देशाला निघाली तू?" मी म्हटलं, हो. हो काय! वेडी.
पप्पा फोटो बघून म्हणाले, तोंड असं का, कोणी मारलं का तुला?

११ जाने.
सुट्टी. जिजीच्या स्टुडिओसमोर रसवाल्याकडे उभी राहिली. तिथून मागची खोली दिसते. छतापर्यंत कॅसेटी. एका भिंतीला लग्नाच्या व्हिडिओच्या, दुसऱ्या भिंतीला गाण्यांच्या. धुळे-नंदुरबारहून इथं कंपनीत आलेल्या सगळ्यांची हळद त्या खोलीत आहे. बाया गायला बसल्या की जिजी टेप घेऊन मधोमध मांडी घालायची. पप्पा सांगतात, नवरीपेक्षा जिजीलाच जास्त हळद लागायची. मग एक कॉपी घरच्यांना, मूळ कॅसेट स्वतःकडे.
आमच्या डोकमर्डीच्या चाळीत आई सगळ्यात पुढे गायची म्हणे. ती गेली तेव्हा मी दोन वर्षांची. फोटो आहे. आवाज नाही आठवत. कितीही डोळे मिटले तरी.
पुढच्या सुट्टीला विचारीन. नक्की.

१५ जाने.
जिजीचा स्टुडिओ जळला.
फर्स्ट शिफ्ट सुटून येत होती, लांबूनच धूर. वाटलं कुठली तरी कंपनी. मागच्या गल्लीत कोणी प्लॅस्टिकचा कचरा पेटवलेला, वारा सुटला. बंब आला. पण कॅसेट म्हणजे पण प्लॅस्टिकच ना. वासच सांगत होता.
जिजी रस्त्यावर खुर्ची टाकून बसलेली. एक बाई छाती बडवत आली, "बठ्ठं जळी गयं व जिजी! मनं लगीन जळी गयं!"
जिजी म्हणाली, "नवरा आहे ना घरी? मग लग्न शाबूत आहे. जा, वाढ त्याला."
लोक हसले. मी पण हसली. मग घरी येऊन
विचारायचं सोडून मी फोटोच काढत बसली.

१६ जाने.
पप्पा आज चहा पिता पिता उठले, पत्र्याच्या पेटीतून एक कॅसेट काढली. आपल्याकडे पण कॉपी होती! पण कागदावर आधी 'हळद' लिहिलेलं, ते खोडून वर 'सदाबहार गाणी'. भोकावर चिकटपट्टी लावलेली, वरून भरता यावं म्हणून. दादरा गावच्या दुकानातून पप्पांनीच सिनेमाची गाणी भरून आणलेली. आई होती तेव्हा.
"तिनीच सांगं, भरी लया. मूळ त जिजीकडे शे."
पप्पा म्हणाले. चहा तसाच राहिला.
मी कॅसेट परत पेटीत ठेवली.

२० जाने.
जिजीकडे राख उपसायला गेली. कोणी बोलावलं नव्हतं. घमेलं उचललं आणि लागली कामाला. व्हिडिओच्या कॅसेटी वितळून एकच काळा गोळा झालाय, म्हशीएवढा. भंगारवाला पायाने ढकलत होता. जिजी ओरडली, "नीट उचल रे! अख्ख्या डोकमर्डीचे जावई आहेत त्यात."
गाण्यांची भिंत तर गोळा पण नाही. नुसती राख.
टेप-डेक तेवढा वाचला. रिपेरला म्हणून घरी नेलेला होता. जिजी म्हणे, चला, वाजवायचं मशीन आहे, आता वाजवायला काहीतरी शोधू. घरोघरी जाऊन कॉप्या मागायच्या.
मी म्हटलं, "त्यांनी वरून दुसरी गाणी भरली असतील तर?"
जिजी माझ्याकडे बघतच राहिली. "पासपोर्टवाली बोलते पण!"

२२ जाने.
सगळ्यांनी भरलीत. सगळ्यांनी! कोणी भजन, कोणी सिनेमा, एकाने तर पोराला पाढे म्हणायला लावून भरलेत. कारण सगळीकडे तेच, मूळ जिजीकडे आहे ना. एक मावशी पदर तोंडावर घेऊन म्हणाली, "तुझ्यावर भरवसा होता म्हणून गं." जिजी उंबऱ्यातच हसत सुटली. डोळ्याला पाणी येईपर्यंत. मला वाटलं आता रडेल, पण नाही.
मग विचारते, "पुरी भरली का?"
पुरी कोणीच भरत नाही! दुकानवाला बसतील तेवढी गाणी भरतो, शेवटी जागा कमी पडली की सोडून देतो. त्या जागेत जुनं तसंच राहतं. जिजी त्याला शेपूट म्हणते.
आज पहिलं शेपूट ऐकलं. सिनेमातला हिरो रडून गप्प झाला. टक्क. आणि एकदम बाया! बांगड्या, ताटं, कोणी म्हणतंय "पानी द्या व कोनी". मग अर्ध्यातून गाणं. त्यात बसलेल्या सगळ्यांची नावं घालत जातात, मामी, मावशी, आत्या. गावाकडे राहिलेल्यांची पण. मग कॅसेट संपते.
जिजी डोळे मिटून सांगते, ही पुढची अमकी, ही मागून ओढते ती तमकी. मोबाईलवर भरून घ्यायचं काम माझं. हेडफोन माझ्या कानात. मला आवडलं. बोलावं लागत नाही.
ज्याचं सगळं गेलं तो माणूस शेपटावर एवढा खूश कसा होतो? मला शिकायचंय ते.

२९ जाने.
सुरंगी गावाला गेलो, इको गाडीने, मांडीवर डेक. तिथं एक म्हातारा तारपा, ते भोपळ्याचं लांब वाद्य, फुंकून वाजवायचा, जिजीने त्याचं भरून ठेवलेलं. म्हातारा आता नाही. त्याच्या नातवाने फडक्यातून कॅसेट काढली. चिकटपट्टी नाही, काही नाही. त्यांच्याकडे वाजवायला मशीनच नव्हतं कधी, म्हणून वरून भरलं पण नाही. पूर्ण शाबूत!!
अंगणात लावली. नातू कोयता हातात घेऊन तसाच उभा. त्याने पण पहिल्यांदाच ऐकलं. एक बाजू संपली तर म्हणे, "आजा दमला का?"
निघताना जिजीने मूळ कॅसेट त्याच्याच हातात दिली. "आता मूळ तुझ्याकडे, कॉपी माझ्याकडे. एका घरात सगळं ठेवायची हौस फिटली माझी."
येताना गाडीत झोपली, तोंड उघडं टाकून. पहिल्यांदा म्हातारी दिसली.

३ फेब्रु.
हेडफोन गुंडाळत होती तर जिजी म्हणाली, "सगळ्यांची आणली. तुझी कधी आणते?"
कोणी सांगितलं तुला, म्हटलं.
"इतके फोटो काढतं का कोणी? केव्हापासून बघते. म्हटलं स्वतः विचारू दे पोरीला, तिचा तिला धीर येऊ दे." मग बराच वेळ चष्माच पुसत बसली. "न विचारता द्यायला पाहिजे होती गं. तेवढं चुकलं माझं."
मी म्हटलं, असू दे जिजी.
नाही आणायची मला. पेटीत आहे तोपर्यंत आई असेल त्यात. लावली आणि शेपूट नसलंच तर?

८ फेब्रु.
पप्पांना सांगितलं, उद्या जिजीकडे जाऊ. कॅसेट घेऊन. ते लगेच दाढी करायला बसले. संध्याकाळी! जायचं उद्या.

९ फेब्रु.
पप्पांनी धुतलेला शर्ट घातला. जिजीने कॅसेट पेन्सिलीने हळूच फिरवली, पट्टी चिकटली नाही ना बघायला. मग लावली. सिनेमाची गाणी संपेचनात. पप्पा खाली मान घालून. जणू त्यांनीच म्हटलीत.
मग टक्क.
बाया. आहे शेपूट! एक बाई गात होती, बारीक आवाज, चढवत चढवत. मला वाटलं हीच. हीच असणार. पण जिजीने मान हलवली, ही तुझी आई नाही पोरी.
तेवढ्यात गाण्यात कोणाचं तरी नाव चुकलं आणि मागे कोणी फिसकन हसलं. आणि हसतच राहिली, थांबेचना, दुसरी बाई दटावते तरी.
पप्पांनी माझा हात धरला. "गाणारी ती नही. मांगे हासी ऱ्हायनी ना, ती."
कॅसेट संपली. जिजीने मागे घेऊन परत लावली. परत हसली ती. परत लावली. जिजी पण हसायला लागली. पप्पा पण. मोबाईलवर भरलंय, आता रुमालाचं फडकं करून मूळ कॅसेट माझ्या पिशवीत.
जिजीने विचारलं, "दुसरी बाजू?" तिकडे पण शेपूट असेल, गाणं असेल, नसेल. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आज नको. मीच म्हटलं.
रिक्षात पप्पा म्हणाले, "हास बरं जराशी."
सांगून कसं येणार? नाही आलं.
डोकमर्डी आली तरी ते माझ्याकडेच बघत होते.