मोटारीवरचं डांबर

इकडच्या स्वारीस,

मोटारीवरचं डांबर निघालं. चाकूने खरवडायचं इकडून ठरलं होतं, पण त्याने रंगसुद्धा निघाला असता. मी गोडं तेल चोपडून घटकाभर ठेवलं आणि जुन्या लुगड्याच्या फडक्याने अलगद पुसलं. तेल लोणच्याचं होतं, तेव्हा यंदा लोणचं बेतानं खाणं व्हावं.

जेवण झाकून ठेवलंय. मी हाटपिपल्याला नरसिंहाच्या दर्शनाला जाते आहे, मोटारीनेच.

आणि राजवाड्यापुढच्या ओल्या डांबराच्या सडकेवर मोटार घातली म्हणून गणपत ड्रायव्हरला कामावरून काढणं होऊ नये. त्या दिवशी तो बिचारा मागे बसून "धीरे, बाईसाहेब, धीरे!" ओरडत होता. आजही त्याने मागेच बसायचं कबूल केलंय.

आज्ञाधारक,
यमुना